पंधरा टक्के बहिरा

फ्रीगंज, उज्जैन
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

आदरणीय उस्ताद श्रीधरराव यांना त्यांचा जुना गनर माधव पागे याचा कडक सॅल्यूट, आणि त्याच्या पाठोपाठ वाकून नमस्कार. (सॅल्यूट आधी अशासाठी, की ढिला झाला तर तुम्ही तो परत करायला लावता, आणि वाकल्यानंतर माझ्याच्याने आता लगेच ताठ होववत नाही.)

तुमचा गुडघा जिना मानतो का आता? वहिनींची शुगर कशी आहे? तुमची लेक मुक्ता शाळेत मुख्याध्यापिका झाली असं कळलं. म्हणजे मिरजेच्या घरात तुमच्यापेक्षा वरचा हुद्दा आला, त्याबद्दल अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही कळवतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. मीराही मजेत आहे. (माझ्या लग्नात तुम्ही तिला पाहिलं होतं, तेव्हा ती कमी बोलत असे.)

आता हे 'सर्व क्षेम' मी सवयीने लिहिलं, आणि याच सवयीने माझी दोन वर्षं खाल्ली, ती हकीकत सांगायला आज बसलो आहे. पत्र लांबणार आहे. चष्मा घ्या.

माझ्या अपंगत्वाच्या टक्क्यांचा अर्ज मुळात मीराने करायला लावला. निवृत्त होऊन मी कायमचा घरी आलो, तेव्हा तिला हळूहळू कळत गेलं की सरकारने नवरा परत दिला आहे तो डाव्या कानाशिवाय, आणि उजवाही अर्धाच. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी मी शेजारी बसून पेपर वाचत असतो. पण समोरच्या हार्डवेअरवाल्याने शटर पाडलं, की मी सोफ्याच्या मागे असतो. ती विचारायची, जो माणूस कुकर ऐकत नाही तो शटर बरोबर कसा ऐकतो? मी तिला सांगितलं की शटर कानाने ऐकायचं नसतंच, ते पोटात ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी ती माजी सैनिकांच्या ऑफिसातून फॉर्म घेऊन आली.

यथावकाश छावणीच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांचा बोर्ड बसला. तिथे आधी काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात, आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगतात. काचेच्या पलीकडे मशीनवर नायक हुद्द्याचा एक जवान बसला होता. माणूस सज्जन, पण आवाज सोडताना त्याची डावी भुवई उडायची. उस्ताद, गोळा कुठे पडला ते धूळ बघून ओळखा, हे आम्हाला कोणी शिकवलं? मी भुवई बघून बटण दाबत गेलो. एक भुवई चुकवली नाही. मध्ये त्याने चहा प्यायला, तेवढा वेळ भुवई कपाच्या आड गेली, तेवढेच काय ते माझे पंधरा टक्के.

मग मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आता समोर वर्दीतला माणूस बसून विचारतो की नींद कैसी है, तर आपल्या तोंडातून 'अव्वल, सर' याशिवाय दुसरं निघेल का? भूख? अव्वल. गुस्सा? नहीं सर. घबराहट? यावर मी थोडा हसलोसुद्धा. डॉक्टरांनी खूश होऊन हात मिळवला. बाहेर आलो तर मीराने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, अव्वल.

महिन्याभराने निकालाचं पाकीट आलं. मी पहिलं पान वाचलं, कान पंधरा टक्के, मनाचा ताण नहीं के बराबर. उस्ताद, मला वाटलं मी पास झालो. फक्त पंधरा टक्के बिघाड म्हणजे पंच्याऐंशी टक्के शाबूत, शाळेतसुद्धा इतके कधी पडले नव्हते. मी खाली जाऊन जलेबी आणली आणि गल्लीत वाटली. मीरा संध्याकाळी घरी आली, तिने दुसरं पान वाचलं. (दुसरं पान असतं हे मला माहीत नव्हतं.) तिथे लिहिलं होतं की वीसच्या खाली असल्यामुळे अर्ज नामंजूर, आणि शिवाय हे बहिरेपण वयोमानामुळे आलेलं असून त्याचा सेवेशी संबंध नाही.

नामंजूर झाल्याचं मला विशेष काही वाटलं नाही. पण ते 'वयोमान' लागलं. तेवीस वर्षं गनच्या शेजारी उभा राहिलो, कानात कापसाचा बोळा आणि तोंड उघडं ठेवायचं एवढंच संरक्षण. त्या सगळ्याचं काही नाही, आणि पन्नाशी गाठली म्हणून कान गेला. जणू आपण तिथे नव्हतोच. मी ते पाकीट कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलं आणि मीराला सांगितलं की जाऊ दे.

जाऊ देणार होतोच. पण श्रावणातला सोमवार आला.

तुम्ही महाकालाची सवारी पाहिलेली नाही म्हणून सांगतो. पालखीच्या पुढे कडाबीनवाले चालतात. कडाबीन म्हणजे हातात धरायची छोटी तोफ. महाराज येत आहेत, रस्ता द्या, हे सांगायला ती मधून मधून उडवतात. मी दर वर्षी लांबच्या गल्लीतून दर्शन घेतो. (भक्ती तेवढीच, अंतर जास्त.) त्या वर्षी मीराची बहीण सुलू नागपूरहून आली होती. तिला जवळून बघायचं होतं. गर्दीने ढकलत ढकलत आम्हाला गुदरी चौराह्यावर अगदी पुढे नेऊन सोडलं, आणि माझ्यापासून दहा हातांवर कडाबीन उडाली.

पुढचं मला आठवत नाही, हे सगळं सुलूकडून ऐकलेलं आहे. मी म्हणे एका पोहेवाल्याच्या ठेल्याखाली पालथा होतो आणि फायरिंग रेंजवरच्या आवाजात ओरडत होतो, 'लेट जाओ, सब लेट जाओ.' तो आवाज तुम्हाला माहीत आहे, तुमचाच दिलेला आहे. ठेल्याच्या आसपासची पन्नास-साठ माणसं जिथल्या तिथे आडवी झाली. नेमकी त्याच वेळी पालखी आली. मागच्यांनी पाहिलं की पुढचे साष्टांग घालून राहिले आहेत, तेही पडले. त्यांच्या मागचे पडले. बंदोबस्ताचा एक हवालदार जरा विचारात पडला आणि मग टोपी सांभाळत तोही पडला. सुलू म्हणते, पार कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत रस्ता झोपला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, मी ठेल्याखाली, हात पुढे जोडलेले (ते मी डोकं झाकत होतो), आणि वर मथळा, 'भूतपूर्व सैनिक की पुकार पर नतमस्तक हुआ गुदरी'. आठवडाभर लोक घरी येऊन पाया पडत होते. एका बाईंनी मुलीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. मी सांगितलं, मार्गशीर्षात. (जमलं. आता त्या जावयाच्या बदलीचं विचारायला येतात.)

गल्ली हसली, सुलू हसली, मीही हसलो. मीरा हसली नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला चहा दिला होता आणि तो मला धरता आला नव्हता, कप बशीवर वाजत राहिला होता. तो आवाज मला ऐकू येत नव्हता, तिला येत होता. तिने कपाटातून पाकीट काढलं आणि म्हणाली, अपील करायचं.

अपील लिहायला आम्ही माजी सैनिकांच्या ऑफिसातल्या ओंकारबाबूंकडे गेलो. हे स्वतः नौदलातून निवृत्त झालेले, त्यामुळे तोपखान्याच्या माणसाकडे जरा वरूनच बघतात. त्यांनी कोरा कागद दिला आणि म्हणाले की आपल्या सगळ्या तक्रारी सविस्तर लिहा. मी अर्धा तास लिहिलं. ओंकारबाबूंनी ते मोठ्याने वाचलं, 'प्रार्थी को कोई विशेष तकलीफ़ नहीं है, फिर भी विचार किया जाए.' मग चष्मा काढून म्हणाले, 'पागे साहब, आप वीरता का पदक नहीं माँग रहे. तकलीफ़ लिखिए.' मी म्हटलं, आठवत नाही. मीराने तो कागद फाडला, बाबूंकडून चार नवे घेतले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. पत्नीचं निवेदनही चालतं म्हणे. तिने चार पानं पाठपोट भरली. वर पाचवं मागितलं.

मी ते तिथेच उभ्याने वाचलं. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्याच कोणाबद्दल आहे. हा माणूस भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपतो. लग्नाला वरात आत गेल्याची खात्री झाल्यावर जातो. दिवाळीचे चार दिवस गच्चीवरच्या टंकीची दुरुस्ती काढतो आणि जिन्याच्या खोलीत दार आतून लावून बसतो. (टंकीला दुरुस्ती लागते, हे मी अजूनही म्हणतो.) आणि एक वाक्य असं होतं, 'माझे पती कोणालाही कधी पुन्हा बोला असं म्हणत नाहीत. ऐकू आलं नाही की ते हो म्हणतात.'

हे मात्र खरं आहे. हो म्हणून म्हणून मी भैरवगढच्या छापखानावाल्यांच्या क्रिकेट संघाचा मॅनेजर झालो आहे, हे मला तीन महिन्यांनी कळलं. शिवाय मागच्या वर्षी आमच्या बँकेतल्या जोशींचा फोन आला, दोन दिवसांनी घरी कार्यक्रम आहे, जरूर या. पुढचं नीट ऐकू आलं नाही, पण त्यांचे वडील बरेच दिवस आजारी होते. मी पांढरा कुर्ता घालून गेलो, जोशींचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं की जे झालं ते झालं, आता धीर धरा, कोणाच्या हातात काही नसतं. तो त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. जोशी मला बाजूला नेऊन घाबरून विचारत होते की मुलाबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का. मी म्हटलं, हो. लग्न मोडता मोडता राहिलं. वडील मागे खुर्चीवर बसून पेढा खात होते.

अपिलाचा बोर्ड दिवाळीनंतर बसला. मीराने निघताना एकच सूचना केली, आज शूरपणा करायचा नाही. काचेच्या खोलीत नायक तोच होता, भुवईही तीच. पण मीराने त्याच्याशी आधीच काही बोलून घेतलेलं, त्याने माझी खुर्ची भिंतीकडे वळवली. मी डोळे मिटले आणि लक्ष देऊन ऐकू लागलो. आणि उस्ताद, स्वच्छ ऐकू आलं. बारीक शिट्टीसारखा आवाज, सलग. मी बटण दाबत सुटलो. अंगठा दुखेपर्यंत दाबलं. मग खांद्यावर हात पडला. नायक वाकून माझ्या उजव्या कानाजवळ सांगत होता, 'साहब, मशीन अभी चालू नहीं किया है.'

ती शिट्टी माझीच होती, आतली. मग खरी तपासणी झाली, तिच्यात मी जवळजवळ बटण दाबलंच नाही. बाहेर बाकावर मीराशेजारी बसलो आणि तिला विचारलं, तुझ्या कानात काही वाजत नाही का? ती म्हणाली, नाही. मी विचारलं, कधीच नाही? रिकामं असतं? ती म्हणाली, हो, रिकामं असतं. बावीस वर्षं मी धरून चाललो होतो की सगळ्यांच्याच कानात वाजतं, लोक तक्रार करत नाहीत इतकंच. मीराने पर्समधून खारे शेंगदाणे काढून दिले. ते खाल्ले.

मग मनाच्या डॉक्टर. या वेळी एक कर्नल मॅडम होत्या, केस पिकलेले, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी विचारलं, 'नींद कैसी है, सूबेदार साहब?' आणि माझं तोंड आपोआप 'अव्व' पर्यंत गेलं. तेवढ्यात बाहेर कोणीतरी लोखंडी कपाटाचं दार असं आपटलं, की मी भानावर आलो तेव्हा टेबलाच्या खाली होतो. आणि एकटा नव्हतो. मी मॅडमनाही हाताला धरून खाली ओढलं होतं. (जवळच्या माणसाला आधी आडोशाला घ्यायचं, ही शिकवणही तुमचीच.) मी माफी मागू लागलो. मॅडम म्हणाल्या, राहू दे, इथे ठीक आहे. त्यांनी हात वर करून टेबलावरून माझी फाईल आणि पेन चाचपून खाली घेतलं, चष्मा सरळ केला, आणि तशाच गुडघ्यांवर फाईल ठेवून म्हणाल्या, 'अब बताइए. नींद कैसी है?'

उस्ताद, टेबलाखाली बसून अव्वल म्हणता येत नाही. मी सांगितलं. भिंतीचं सांगितलं, दिवाळीचं, टंकीचं. वाळवंटातल्या सरावात तीन नंबरच्या गनवर गोळा नळीतच फुटला, त्या दिवसाचंही सांगितलं. त्या दिवसाबद्दल तुम्ही आणि मी बावीस वर्षांत एक अक्षर बोललेलो नाही, आत्ताही लिहीत नाही. मॅडम लिहीत होत्या. मध्ये शिपाई चहा घेऊन आला, खोली रिकामी बघून परत गेला. मॅडमनी त्याला खालूनच हाक मारली आणि दोन कप टेबलाखाली मागवले. त्याने ते काही न विचारता दिले. फौजेत हे एक चांगलं आहे.

निकाल गेल्या महिन्यात आला. दोन्ही मिळून पन्नास टक्के. या वेळी मी दुसरं पान आधी वाचलं. तिथे लिहिलं आहे, 'सेवा के कारण'. तीन शब्द आहेत. मी ते मीराला वाचून दाखवले, मग ओंकारबाबूंना, मग शेजारच्या अरविंदजींना. जलेबी वाटली नाही, कारण कोणत्या निकालावर वाटायची याबद्दल गल्लीचा गोंधळ झाला असता.

आता कानात मशीन आलं आहे. त्याने नवेच प्रश्न उभे केले आहेत. मीरा स्वैपाक करताना गाते हे मला माहीत नव्हतं, आणि ती तेव्हाच गात होती कारण मला ऐकू येत नव्हतं. आणि हे अरविंदजी, जे गेली सहा वर्षं रोज सकाळी भिंतीशी उभे राहून मला हाक मारतात आणि मी रोज हात जोडून 'जय महाकाल' म्हणतो, ते म्हणत होते, 'टंकी बह रही है.' सहा वर्षं त्यांच्या अंगणात आमचं पाणी. मी आता त्यांच्या खचलेल्या अंगणात रोज एक तास माती भरायला जातो.

असो. चार ओळी लिहायच्या होत्या, त्याचं हे असं झालं. वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद. गुडघा सांभाळा, आणि पत्र एका दमात वाचलं असेल तर पाणी प्या.

आपल्याच गनवरचा,
माधव

ता. क. पाकिटात आणखी एक कागद निघेल. तो माझा नाही, तुमचा आहे. मुक्ताने मागच्या शुक्रवारी मीराला फोन केला होता. तुम्ही मिरजेच्या स्टेशनवर बाकावर बसून राहिलात आणि गाडी तुमच्या समोरून निघून गेली, तिची घोषणा तुम्हाला ऐकू आली नाही. आणि दिवाळीपासून तुम्ही गोठ्यात झोपता, कारण म्हैस फटाक्यांना घाबरते. मुक्ता म्हणते, म्हैस विकून दोन वर्षं झाली.

आणखी एक. फॉर्ममध्ये नाव, नंबर, युनिट मी भरलं आहे. 'तकलीफ' चा रकाना मोकळा ठेवला आहे. तो तुम्ही भरायचा नाही. वहिनी भरतील. जास्तीचे चार कागद सोबत जोडले आहेत, पाचवा लागला तर मुक्ताच्या शाळेत मिळेल. तपासणीच्या दिवशी खुर्ची भिंतीकडे वळवून मागा. एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं, बाकीचा मजकूर तुम्ही फॉर्म बघून पाकीट बाजूला ठेवू नये म्हणून आहे.

शेवटचं. मीराने पत्र वाचलं आणि म्हणाली, उस्तादांना तरी खरं लिही. तेव्हा लिहितो, आणि हे वाचून झाल्यावर पत्राचा एवढा शेवटचा तुकडा फाडून टाका. कर्नल मॅडमना मी ओढलं नव्हतं. कपाट आपटलं आणि मी टेबलाखाली पोचलो, तेव्हा त्या आधीच तिथे होत्या.